बापूंच्या फ्रीजमधलं ताक

मी बापूंच्या फ्रीजमधलं ताक प्यालो, आणि ते ताक नव्हतं.

उन्हातून आलो होतो. शेजारचा फ्रीज उघडायला मला परवानगी लागत नाही. बरणीत पांढुरकं, आंबूस काहीतरी होतं. दोन ग्लासांत बरणी संपवली आणि वर बापूंच्या बायकोला, काकूंना, ऐकवलं, "आज ताक फारच पातळ केलंत." पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून पडलेल्या काकू नुसत्या बरणीकडे बघत राहिल्या.

बापूंनी साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्तीनंतर नळ्या सुटल्या, प्रयोग चिकटले. गळ्यात तुळशीची माळ, आणि रविवारी दुपारी हातात बादली! गल्लीत कुणाकडे खेकड्याचा रस्सा शिजला की हे दारात हजर. "रस्सा तुमाला, टरफलं आमाला!" त्या टरफलांतून कायटोसान नावाची पूड काढायची, ती आंबट पाण्यात विरघळवायची आणि तिचे नॅनोकण करायचे. "केसाच्या जाडीत शेकड्यानं मावत्यात, गड्या! जखमंत जंतूला पाय ठिवू देत न्हाईत." जंतूंचं माहीत नाही, वासापायी आम्हालाही त्यांच्या अंगणात पाय ठेवता येत नसे.

बापू आले. रिकामी बरणी पाहिली. मला वाटलं, तब्येत विचारतील.

"किती घोट?" त्यांनी वही उघडली. "उद्या सांगलीच्या कॉलेजात तपासायला न्यायचं व्हतं ह्ये टरफलांचं औषिद. आसू दे. उंदीर मिळत नव्हता, त्यो तरी गावला."

दोन दिवस दर तासाला माझी जीभ तपासली. मला काहीच होत नाही, याची मलाच लाज वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बापू जमिनीवर बसून काकूंच्या पायाची पट्टी बदलत होते. शुगरची जखम, चार महिने भरत नव्हती. हेच औषध बापूंनी स्वतःच्या कापलेल्या बोटाला लावलं होतं, गल्लीतल्या कुत्र्याच्या कानालाही.

"मग काकूंना का नाही लावलंत?" मी शहाणपणानं विचारलं.

बापूंचा हात थांबला. "कुत्र्यावर आंदाज चालतोय रं. हिच्या पायावर न्हाई. तपासल्याबिगर आन् डॉक्टरला इचारल्याबिगर थेंब लावायचा न्हाई." आणि पुन्हा फुंकर घालत गाठ बांधू लागले, सैल, मग जरा आणखी सैल.

मी कोपऱ्यातली त्यांची बादली उचलली. म्हणालो, "बापू, रविवारी दोन किलो खेकडे आणतो. टरफलं सगळी तुमची."

"आवं," काकू बापूंना म्हणाल्या, "नवं औषिद झालं की आदी ह्येच्या डोस्क्याला लावा. तिथलं भोक माज्या जखमंपरीस लय जुनं हाय."