गोमतीवरील नौदल उपप्रमुखपदाचा संक्षिप्त इतिहास

समुद्र असला की नौदल कुणीही उभारतं. खरी कसोटी समुद्र नसताना लागते. लखनऊचं मराठी मंडळ या कसोटीला पुरेपूर उतरलं आहे.

मंडळाने गणपती विसर्जनासाठी गोमतीवर एक होडी घेतली, तिथून हा इतिहास सुरू होतो. लष्करी छावणीतली मंडळी मांडव घालायची म्हणून ती भूदल. अमौसी विमानतळाजवळची मंडळी शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावायची म्हणून ती हवाई दल. मग होडीचा दोर धरणारा आपोआप नौदलप्रमुख झाला आणि त्याच्या चपला सांभाळणारा उपप्रमुख. (चपला चोख सांभाळल्या.) पुढे प्रमुखपद फारच मानाचं ठरल्यामुळे ते रिकामं ठेवलं गेलं आणि सारा भार उपप्रमुखावर आला. त्याला बिल्ला मिळाला, पांढरी टोपी मिळाली, हाताखाली दोन सहउपप्रमुख मिळाले. (होडी मधल्या एका पुरात वाहून गेली.) नौदलाची कामगिरी मात्र उत्तरोत्तर उजळत गेली. तेव्हापासून पाण्यावर एकही अपघात नाही!

या पदाला एक मोठा मान आहे. उत्सवातल्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालून बुक्का लावायचा, तो उपप्रमुखानेच. वृंदावन योजना या वसाहतीतले देवदत्त बापट बँकेतून निवृत्त झाले ते एवढीच एक इच्छा मनात धरून. टाळ वाजले की ज्यांचे डोळे भरून येतात अशा माणसाने इतकी वर्षं हा सोहळा मागच्या सतरंजीवरून पाहिला होता.

यंदा पद रिकामं झालं. मुलाखतीला निघताना विनीताबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "हे बघा, विचारतील तेवढंच बोला."

"पापा, बस चुप रहना," लेक शर्मिष्ठा मोबाइलमधून म्हणाली. "हो जाएगा."

देवदत्त खरोखरच गप्प राहिले. समितीने पदाचा इतिहास वाचून दाखवला, त्यांनी मान डोलावली. टोपीचं माप घेतलं गेलं. डोक्याला अगदी बरोबर बसली. अध्यक्ष कर्नल संग्रामराव प्रसन्न झाले.

"वा, बापटसाहेब! काही सूचना?"

इथे देवदत्तांचा भक्तिभाव आडवा आला. "बुवा नागपूरहून येतायत. बिचाऱ्यांनी गोमती पाहिलेली नाही. सकाळी त्यांना जरा आपल्या होडीतून फिरवून आणू या का? कुठे बांधलीय ती?"

एका सहउपप्रमुखाने बिल्ला पुसायला घेतला. कर्नलसाहेबांनी टोपी हलकेच परत काढून घेतली.

"यार बापट," ते कळवळून म्हणाले, "होडीचं कशाला काढलंत?"

निकालात एकच शेरा होता : उमेदवाराचा ओढा पदापेक्षा होडीकडे अधिक.

यंदाही देवदत्तांनी मागच्या सतरंजीवरूनच हात जोडले. हार कर्नलसाहेबांनी तात्पुरता घातला, कारण योग्य माणूस अजून मिळालेला नाही.

तरी वाचकहो, या पदासाठी आपला विचार व्हावा. वर होडी कंसात वाहून गेली, तेव्हा आपण टोपी आणि बिल्ला पाहत शांतपणे पुढे वाचत राहिलात. डोक्याचं माप तेवढं कळवा.