पॉप जुनं झालंय

बदनापूरच्या सोमेश्वर सरांनी जन्मभर पोरांना मराठीचं व्याकरण शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या लेकीला मात्र एक सूट दिली. अर्पिता पुण्यात नोकरीला. दसऱ्याला आली तशी म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला पॉप म्हणू का?"

"पॉप म्हंजे?"

"बापच हो, पण लाडातला!"

सर असे खूश झाले, की चहाच्या टपरीवरही "मी आता पॉप झालो" म्हणून सांगत सुटले. (टपरीवाल्याला वाटलं, डॉक्टरनं काहीतरी निदान केलं.)

एका सकाळी सरांच्या पत्नी साधनाबाई अंगणात होत्या आणि टेबलावर त्यांचा मोबाईल वाजला. सरांनी सहज डोकावलं. लेकीचा मेसेज. एकच शब्द इंग्रजीत, पी-ओ-पी. तो सरांनी जोडून वाचला.

'आई, पॉप फार जुनं झालंय. तडे गेलेत. दिवाळीआधी काढून टाक, नवीन बसव. माणूस पाठवतेय.'

सर मटकन खाली बसले. काढून टाकणं एक वेळ समजू शकतो, पण 'जुनं'? निदान 'जुना' तरी! पोटच्या पोरीनं बापाला सरळ नपुंसकलिंगात घातलं!

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. सर बेडरूममध्ये शिरले आणि दाराला कान लावला.

"काकू, मी राधेश्याम. ताईनं पाठवलं. जुनं काढायचंय ना?"

"हो बाबा, पार कामातून गेलंय."

"हातोड्यानं पाडू?"

"पाड, पण जल्दी. अन् धूळ न्हाई झाली पाह्यजे."

"मंग नवं कसं बसवू?"

"वजनाला हलकं अन् दिसायला देखणं."

"निघालेलं कुठं टाकू?"

"स्टेशनामागच्या खड्ड्यात!"

सरांनी पिशवीत कपडे कोंबले, त्यावर बीपीच्या गोळ्या टाकल्या आणि डबडबल्या डोळ्यांनी बाहेर आले. "हातोडा नको. मी आपणहून चाललो. घनसावंगीला, बहिणीकडं."

राधेश्याम शिडीवरच थबकला. "सर, तुम्ही कशाला चालले? मी तर हे छत पाडून राह्यलो. पीओपी. प्लॅस्टर हो!"

सरांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मान वर केली. छताला खरंच तडे गेले होते.

मेसेजचा घोटाळा कळल्यावर साधनाबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. सरांचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे मला काढायचा विचार न्हाई ना?"

साधनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "अहो, तुम्हाला काढायचं असतं, तर लेक मोठी होऊन मेसेज करीपर्यंत मी थांबले असते का?"