गुणाजीची एकोणतीस घरटी

एका जंगलात, बाळांनो, कर होता. झाडं, ओढा, डोंगर हेही होतं, पण ते मागाहून सांगतो. कर आधी भरावा लागतो.

त्या जंगलात ओढ्याकाठच्या बाभळीवर गुणाजी नावाचा सुगरण पक्षी राहायचा. सुगरण म्हटलं की तुम्हाला बाई वाटते. पण या पक्ष्यांत घरटं विणतो तो बाप्या, आणि बाई त्याला नावं ठेवते. आपल्याकडे उलटं चालतं, म्हणून तुमचा गोंधळ होतो.

गुणाजी घरटी विणून विकायचा. धंद्याची रीत अशी होती. आधी घरटं अर्धंच विणायचं, टोपीएवढं. मग गिऱ्हाईक यायचं, आत बसून झोके घ्यायचं, चोचीनं गाठी ओढून बघायचं. पसंत पडलं तर बाजरीचे पन्नास दाणे मोजायचं आणि गुणाजी तळ विणून घरटं पुरं करून द्यायचा. नापसंत पडलं तर ते अर्धं घरटं तसंच लटकत राहायचं. ते दुसऱ्या कुणाला म्हणून विकायचं नाही. त्याला तळ नसतो, अंडं ठेवलं की ते खाली गेलंच समजा. गुणाजीच्या बापानं असलं घरटं विकलं नव्हतं, आजानंही नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं नापसंत घरटी फाडून टाकली असती. गुणाजी म्हणायचा, "आपली चूक आपल्या डोळ्यांसमोर असावी."

"असू दे की," त्याची बायको सकवार म्हणायची. "लोक दाराला तोरण लावतात, आमच्यात चुका टांगतात."

बरं, तेवढ्यावर थांबेल तर तो गुणाजी कसला! तो वहीही लिहायचा. पळसाच्या पानांची वही. एका घरट्याला एक पान. गवताच्या काड्या किती लागल्या, कोण बघायला आलं, काय बोललं, सगळं चोचीनं टोचून ठेवलेलं. 'डावी गाठ सैल. बाईंनी नाक मुरडलं. नापसंत.' असं स्वतःबद्दल लिहिणारा व्यापारी मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला तर मला बोलवा.

त्या वर्षी गुणाजीनं चाळीस घरटी विणली. अकरा विकली गेली, एकोणतीस नापसंत झाली. विकलेल्या घरट्यामागे पाच दाणे कर होता. त्यानं पंचावन्न दाणे मोजून भरले आणि निवांत झोपला. भाबडेपणा म्हणतात तो हाच.

कारण त्याच वर्षी सिंहमहाराजांच्या नव्या गुहेचं काम चाललं होतं. अमावास्येच्या आत धान्याची रास उभी करा, असा हुकूम सुटला होता. मग एके दिवशी सकाळी कर खात्याचे बगळेसाहेब बाभळीखाली येऊन एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय त्यांनी पोटाशी धरला होता. सरकारी मालमत्ता जपून वापरावी, असं त्यांचं मत होतं.

साहेबांनी वही चाळली. एकदा पुढून, एकदा मागून.

"वही फार स्वच्छ आहे," ते म्हणाले. "खाडाखोड नाही. संशय येतो."

"जसं घडलं तसं लिहिलंय, साहेब."

"तेच तर! घडलं तसं कोण लिहितं?" साहेबांनी मान वर केली. "आणि ही एकोणतीस घरटी कुणाची?"

"माझीच. नापसंत झालेली."

"चाळीसातली एकोणतीस नापसंत, आणि तुम्ही अजून धंद्यात? तो सुतारपक्षी बघा. त्याचं एक भोक आजवर परत आलेलं नाही."

"भोक परत कसं येणार, साहेब? आणि तो वहीसुद्धा लिहीत नाही."

"म्हणूनच त्याच्या वहीत चूक सापडत नाही," साहेब म्हणाले. "कोकिळेचंही तसंच. घर नाही, वही नाही, पोरं कावळ्याकडे. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नाहीच. अशांचा आम्हाला कधी त्रास होत नाही."

"पण ही घरटी विकली नाहीत हो मी! अर्धी आहेत. विकायची नाहीत अशी रीत आहे आमच्यात."

"रीत नियमात कुठे आहे, दाखवा."

रीत नियमात नव्हती. रीत गुणाजीच्या बापात होती, आणि बाप वारला होता.

साहेबांनी पाय बदलला. "वही नामंजूर. आता आम्हाला अंदाज करावा लागेल. दिसतात ती आणि तुम्ही सांगता ती मिळून चाळीस. दिसत नाहीत ती वीस."

"दिसत नाहीत ती कुठून आली?"

"ते आम्ही कसं सांगणार? दिसत नाहीत ना! एकूण साठ घरटी विकली. पौर्णिमेच्या आत बाकीचा कर भरा, नाहीतर राहतं घरटं जप्त."

राहत्या घरट्यात सकवार तीन अंड्यांवर बसली होती.

तो अपिलात गेला. अपील हत्तीमहाराजांपुढे चालायचं. न्यायी म्हणून त्यांची ख्याती होती, कारण त्यांच्याकडून कुणीच पूर्ण हरून जात नसे. गुणाजीनं चाळीस पानं त्यांच्यापुढे मांडली. महाराजांनी ती सोंडेनं गोळा केली, जरा झुलले, आणि विचारात असताना त्यांतली बरीचशी खाल्ली.

"बगळे म्हणतात साठ. हे फार होतं," महाराज म्हणाले. "तू म्हणतोस अकरा. हे थोडं होतं. चाळीस धरू. कुणाचंच मन दुखायला नको."

"पण महाराज, चाळीसच का?"

"मग एकोणचाळीस का नाही, असं तू विचारशील. याला शेवट नाही, बाळ."

बाकी निघाली एकशे पंचेचाळीस दाणे. गुणाजीच्या घरात साठ दाणे होते, तेही पिल्लांसाठी राखलेले. पौर्णिमेला चार दिवस होते.

"ती टांगलेली विका," सकवार म्हणाली.

"अगं, तळ नाही त्यांना."

"आपल्या घरट्याला तळ आहे ना? तोच जातोय." ती अंड्यांवरून हलली नाही. "विकली म्हणून कर लागलाच आहे. मग विकायला काय हरकत आहे?"

गुणाजी दिवसभर बाभळीवर बसून राहिला. बापाची आठवण काढून रडलासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यानं गवताच्या पात्यावर लिहून पाटी लावली: 'गुणाजीची घरटी. फक्त पाच दाणे.'

मुनियांची झुंबड उडाली. मुनिया म्हणजे चिमणीहून लहान पाखरं, आणि गरीब. पन्नास दाण्यांचं घरटं त्यांनी जन्मात घेतलं नसतं. पण गुणाजीचं घरटं, आणि पाच दाण्यांत! आत बसून बघावं, गाठ ओढावी, हेसुद्धा कुणाला सुचलं नाही. नावावर भरवसा होता. दोन दिवसांत एकोणतीसच्या एकोणतीस घरटी गेली. एकशे पंचेचाळीस दाणे जमले, ते मोजून भरले. त्यातला गुणाजीला एकही उरला नाही, पण राहतं घरटं वाचलं.

आठ दिवसांनी वारा सुटला. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

वारा थांबल्यावर एक मुनिया आली. भांडली नाही, ओरडली नाही. "तुमचं नाव ऐकून घेतलं होतं, भाऊ," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. सकवारीनं तोंड फिरवलं. तिच्याखाली तीन पिल्लं चोची वासून बसली होती.

गुणाजीनं त्या दिवशीचंही पान लिहिलं. सवय जात नाही.

वर्ष सरलं. बगळेसाहेब पुन्हा आले. बाभळीवर आता टांगलेलं काही नव्हतं. त्यांनी वही उघडली. चाळीस विणली, चाळीस विकली. हिशेब अपिलात ठरलेल्या अंदाजाशी दाण्यादाण्यानं जुळत होता.

"बघा!" साहेबांना आनंद झाला. "मी म्हणत नव्हतो, तुम्ही ती विकता म्हणून? एकदा खडसावलं की माणूस खरं लिहायला लागतो." त्यांनी वही मंजूर केली आणि जाताना गुणाजीच्या पाठीवर पंख ठेवला.

अचूक अंदाजाबद्दल साहेबांना बढती मिळाली, आणि आणखी मोठं तळं मिळालं. मुनियांनी बाभळीकडे येणं सोडलं. आणि गुणाजी आता नापसंत घरटी टांगून ठेवत नाही. संध्याकाळच्या आत लांबून आलेल्या कुणाला तरी विकून टाकतो.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना खोटं पाडू नये. आपण केलं नाही ते केलं असं मोठे म्हणाले, तर लवकरात लवकर ते करून टाकावं. म्हणजे त्यांचंही खरं राहतं आणि आपली वहीही जुळते. मात्र स्वस्तात घर मिळालं तर त्याला तळ आहे का, तेवढं बघून घ्यावं.