बिभीषणच्या गाडीची कपाळपट्टी

"पोरगी पसंत हाय," पोह्यांची बशी खाली ठेवत कडूबा आबा म्हणाले आणि बिभीषणच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ टिकला नाही. कारण आबांनी पुढे विचारलं, "पण तुझ्या गाडीचं कपाळ का वाजतंय रं?"

गाडीचं कपाळ म्हणजे बॉनेटच्या पुढच्या कडेला बसवलेली काळी प्लास्टिकची पट्टी. फुलंब्रीहून चितेगावच्या कंपनीत बिभीषणची रोज ये-जा. संध्याकाळी परतताना किडे-पाखरं आपटून पुढची काच पार बरबटायची, म्हणून त्याने ही कपाळपट्टी मोठ्या हौसेने लावून घेतली होती. पट्टी आणि पत्रा एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये चार रबरी गुटके असतात. ते झिजून पापडासारखे झाले होते. गाडीने जरा वेग घेतला की पट्टी खडखडखड वाजायची. बायको सत्यशीला कधीची सांगत होती, "अवं, ते गुटके तेवढे बदला." हा बाबा "बघू की" म्हणायचा आणि गाडी चालू करायचा.

आता घ्या, बघा! आज सकाळी आबा आणि त्यांच्या बायकोला स्टँडवरून घरी आणलं ते याच गाडीतून.

कडूबा आबा हे नवऱ्या मुलाचे, म्हणजे कृष्णाचे आजोबा. उभी हयात मेंढरांमागे गेलेली. कळपातलं कोणतं मेंढरू लंगडतंय हे ते पाठमोरे बसून नुसत्या कानाने सांगायचे. नातवाची मागची सोयरीक त्यांनी का मोडली, तर मुलीच्या घरचं दार करकरत होतं! आबांच्या शब्दापुढे घरात कुणाचा शब्द चालत नाही, असं त्यांचं सगळं बिडकीन गाव म्हणायचं.

"ज्याला सोत्ताच्या गाडीचं रडणं ऐकू येत नाय," आबा म्हणाले, "त्याला उद्या बहिणीचं रडणं काय ऐकू येणार?"

आतल्या खोलीत बिभीषणची धाकटी बहीण रूपा दाराला कान लावून उभी होती. तिचं आणि कृष्णाचं त्याच कंपनीत काम करताना जमलेलं होतं. ते चारचौघांत रीतसर जमावं म्हणून भाऊ-भावजयीने हा सगळा घाट घातला होता, आणि आता ते मोडतंय एका पट्टीपायी!

"चला, आता तुमी आमचं घर बगायला," आबांनी फर्मान काढलं. "जेवण बिडकीनला. तुझ्याच गाडीनं जाऊ. वाटंनं मी ऐकतो, आन मंग काय ते सांगतो."

पाहुण्यांपुढे दुसऱ्यांदा चहा गेला. तेवढ्यात बिभीषणने मागच्या अंगणातून मेकॅनिकला फोन लावला.

"रशीदभाई, कपाळपट्टीचे गुटके पायजेत. आत्ताच्या आत्ता!"

"इतवार कू कायके गुटके मियाँ? मैं शादी में बैठा हूँ, बिर्यानी आ री," पलीकडून आवाज आला. "घर में पुरानी हवाई चप्पल होइंगी ना? काट के लगा डालो. पंक्चर का सोल्युशन चुपड देना, बस. एक नंबर चलता!"

बिभीषण दारात आला. तिथे चपलांची रांग होती. त्यात एक निळ्या पट्ट्याची जोडी अशी काही जर्जर झालेली होती की बघणाऱ्याला तिची कीव यावी. टाच झिजलेली, पट्ट्याला सेफ्टी पिन. मळ्यात घालायची आपलीच जोडी, असं समजून त्याने तिच्यातली डावी उचलली आणि गाडीआड बसून भाजीच्या सुरीने तिचे चार गुटके पाडले. एकावर कसलासा चटक्याचा डाग होता, पण डाग बघत बसायला वेळ कुणाला? सोल्युशन चुपडलं, गुटके सरकवले आणि पट्टीवर गुद्दा मारला. आवाज नाही! त्याला रशीदभाईचे हात चुंबावेसे वाटले.

तेवढ्यात दारातून आबा गरजले, "माझी डावी कुटंय?"

कडक इस्त्रीचं धोतर, लालभडक फेटा आणि खाली ती सेफ्टी पिनवाली एकटी उजवी. बिभीषणने नळाकडे पाहिलं. त्याची स्वतःची जोडी तिथे आरामात पडलेली होती. त्याने सुरी पाठीमागे लपवली.

"कुत्र्यानं नेली असंल, आबा," सत्यशीला म्हणाली. नवऱ्याच्या बोटांवरचं काळं सोल्युशन तिला केव्हाच दिसलं होतं.

"कुत्रं बी शिवत नाय तिला! म्हणून तर कार्याला मी हीच घालतो. लोकांचे नवे जोडे चोरीला गेले, ही कुणी नेली नाय. आन तुमच्या घरातून ही बी जाती? कसलं घर म्हणायचं हे?" आबांचा फेटा थरथरत होता. "आन टाचंला माझ्या कळपाची खूण हाय, सळईनं डागलेली. गोल, आन मधी आडवी रेघ. हजार चपलांत वळखीन!"

बिभीषणने गाडीकडे बघायचंसुद्धा टाळलं. सत्यशीलाने नवे बूट पुढे केले, ते आबांनी पायानेच बाजूला सारले. "दुसऱ्याच्या जोड्यात पाय घालत नसतो मी." आबांची बायको आक्काबाई मात्र ओट्यावर पदर सावरत उभी होती.

निघाली वरात. पुढे आबा अनवाणी, मांडीवर उजवी चप्पल. मागे आक्काबाई, सत्यशीला आणि देवाचा धावा करणारी रूपा. हर्सूल गेलं, शहर गेलं, पैठण रोड लागला. आबा डोळे मिटून कान देऊन बसले होते. पट्टी गप्प.

"वाजत नाय," आबा शेवटी म्हणाले. "मघाशी तर वाजत व्हती."

"दुरुस्त केली, आबा."

"असं पायजे. हुशार हायस."

रूपाने मागे सत्यशीलाचा हात दाबला. पण ऊन काय कमी होतं! तापलेल्या पत्र्यावर सोल्युशन पाघळलं. चितेगावच्या पुढे एका गतिरोधकावर गाडी आदळली, एक गुटका सुटला आणि वाऱ्याने बॉनेटवरून घरंगळत येऊन बरोबर आबांच्या समोर वायपरमध्ये अडकला. गोल, आन मधी आडवी रेघ. आणि पट्टी लागली वाजायला, खडखडखड!

"थांबीव," आबा म्हणाले.

आबा उतरले. डांबर असं तापलं होतं की त्यांनी झटकन उजवी चप्पल पायात घातली आणि एका पायावर उभं राहून वायपरमधला गुटका काढला. बिभीषणही घाईने उतरला.

"आबा, चुकलो," बिभीषण हात जोडत म्हणाला. "माझीच समजून कापली. मला शिक्षा करा, पण रूपाची सोयरीक मोडू नका. तिचा काय गुन्हा?"

आबांनी तोंड उघडलं, पण आवाज आला आक्काबाईचा.

"थांबा जरा. म्या बगितलं व्हतं त्याला कापताना. म्या वट्यावरच उभी व्हते."

"आन बोलली नाय?"

"का बोलू? म्या ती चप्पल उकिरड्यावर टाकली, तुमी परत आणली. हिरीत टाकली, तुमी गडी उतरवून काढली. लोकं मला इचारत्यात, आबाला खायला तरी घालता का म्हणून! लाज वाटती मला." आक्काबाई खाली उतरली. "जे मला जनमभर जमलं नाय ते ह्या लेकरानं पोहे खायच्या टायमात केलं. काढा ती दुसरी."

"आन मी उभा कशावर ऱ्हाऊ?"

"गाडीत बसा."

आणि ज्यांच्या शब्दापुढे घरात कुणाचा शब्द चालत नव्हता, ते कडूबा आबा गुपचूप गाडीत जाऊन बसले. आक्काबाईने उजवी चप्पल बिभीषणच्या हातात दिली. "काप. सगळी काप. जोडता येईल असा तुकडा ठिवू नको."

"आन सोयरीक?" आबांनी आतून हळूच विचारलं.

"ती म्या वट्यावरच पक्की केली," आक्काबाई म्हणाली. रूपा मागच्या सीटवर रडता रडता हसायला लागली.

लग्नात आबांच्या पायात करकरीत नवे जोडे होते आणि करवल्या जोडे पळवायला मागे लागल्यामुळे ते सारखे पाय पोटाशी घेऊन बसत होते. गाडीच्या पट्टीखाली अजून ते चपलेचेच गुटके होते, खुणेचासुद्धा. जेवणं उरकल्यावर रशीदभाईने खिशातून दुकानातले नवे गुटके काढले. "लाओ मियाँ, वो चप्पल निकाल के ये डाल देता."

आबा तसेच उठले आणि गाडीपुढे आडवे झाले. "हात लावायचा नाय! माझी खूण हाय तिच्यात. ही गाडी आता आमच्या कळपातली."