शालूनं मोजलेली वस्ती

घरात कुणी आलं की आधी पाणी, मग चहा. आमच्या शालूचं तसं नाही. ती आधी समोरच्याचा हात धरते आणि करंगळी मागं वाकवून बघते. आमचे नवे जावईबापू पहिल्या दिवाळीला आले, तर हिनं उंबऱ्यातच त्यांचा अंगठा मनगटाकडं दाबला. ते कळवळले. ही समाधानानं म्हणाली, "घट्ट आहे! छान!" बिचारे चार दिवस करंज्या डाव्या हातानं खात होते.

शालू म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. पन्नाशीची, पुण्यात शास्त्रज्ञ. ती काय करते ते तिनं मला तीनदा सांगितलंय, कारण तीनदा ताडून बघितल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवत नाही, माझ्या समजुतीवर तर नाहीच नाही. मला कळलं ते असं. हाडं, कातडी, रक्ताच्या नळ्या, या सगळ्यांना धरून ठेवणारं एक विणकाम अंगात असतं. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या सैल येतं. मग कुणी ताडासारखं उंच वाढतं, कुणाचे सांधे निसटतात, कुणाची हृदयापासची मोठी नळी फुगते. आईबापांकडून आलेला हा सैलपणा नेमका कुठनं सुरू होतो, ते शालू शोधते.

त्यासाठी तिला वंशावळी लागतात. आता तिसगावच्या बाजूला कुणाची मुलगी कुठं दिली, हे माझ्याइतकं तलाठ्यालाही ठाऊक नाही. त्यामुळं शालू आली की माझा स्वयंपाक बंद. मी सांगायचं, तिनं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

"पुरुष चौकोनीच का गं?"

"तशी पद्धत आहे, मामी."

"बरोबर आहे पद्धत. तुझ्या मामाला बघितलं असणार कुणीतरी."

एकदा आमचंच घराणं काढलं. तिचा स्वतःचा गोल अगदी कडेला, बारका. शेजारी चौकोन नाही, खाली रेघ नाही. तिनं पत्रिका बाजूला सारली आणि दुसरं घर घेतलं.

ते घर वस्तीवरच्या हौसाबाईचं. नवरा आणि दीर, दोघं ताडमाड उंच, दोघंही चाळिशीच्या आत उभ्याउभ्या कोसळलेले. मागं राहिली मुलगी. तिला इथं मी वैशाली म्हणते, खरं नाव वेगळं आहे. तीही तशीच उंच, लांब लांब बोटांची, आणि दरसाल आईबरोबर ऊसतोडीला जाऊन डोक्यावर मोळ्या वाहणारी. शालूनं पेन खाली ठेवलं.

"मामी, हिच्या हृदयाची सोनोग्राफी व्हायला हवी. ऊसतोडीला जायच्या आधी."

ती वस्तीवर सांगायला गेली, तर हौसाबाईनं उडवून लावलं. "न्हाई ताई. पोरगी दवाखान्यात गेली की गावभर व्हईल, हिच्यात बी खोट हाय म्हनून. मग कोन करील तिला?"

शालू परतली. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मारुतीच्या पारावर बसली आणि अख्खी वस्ती मोजायला लागली! हात पसरा, बोटं वाकवा, भिंतीला टेका. म्हातारे, सुना, लेकुरवाळ्या, सगळे रांगेत. सरपंच पोट आत ओढून उभे.

"श्वास सोडा सरपंच, मी उंची मोजतेय."

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. संध्याकाळी तिनं नऊ नावं वाचली. या नऊ जणांनी उद्या नगरला सोनोग्राफीला चलायचं. पहिलं नाव सरपंचांचं. ते निवडून आल्यासारखे मिशीवर हात फिरवत उठले. दुसरं माझं. मी साडेचार फूट! वैशालीचं सहावं.

हौसाबाई म्हणाली, "सरपंच चाललेत, मंग जा की तू बी. मी बी येते."

नगरला वैशालीची नळी फुगायला लागलेली सापडली. पण वेळेत सापडली. शालूनं मायलेकींना बाजूला घेऊन तीनदा समजावलं. रोज गोळ्या, दरवर्षी तपासणी, आणि मोळी आता उचलायची नाही.

हौसाबाईनं पदर तोंडाला लावला होता. "मोळी न्हाई उचलली तर ऱ्हाईल ना माझी पोर?"

"त्याचसाठी तर सांगतेय."

दुपारी परतताना जीपमध्ये सगळे पेंगत होते. मी हळूच विचारलं, "शाले, माझ्यात काय सैल सापडलं गं?"

"काही नाही. तुमच्या बोटांनी खिळे ठोकता येतील."

"मग मला कशाला नेलंस?"

तिनं डोळ्यांनीच शेजारी दाखवलं. वैशाली तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

"एकच नाव वाचलं असतं, मामी, तर गावानं ते जन्मभर लक्षात ठेवलं असतं."

करंजी घाट लागला. जीप वळणावळणाला हेलकावे खायला लागली. शालूनं पोरीचं कपाळ खिडकीवर आपटू नये म्हणून मधे तळहात धरला. मी पाण्याची बाटली पुढं केली, तर नुसती डोळ्यांनी नको म्हणाली. तिसगाव येईपर्यंत तिनं तो खांदा हलवला नाही.