आवट्यांच्या चाळीतली पाठराखीण

आम्ही श्रीफळ अपार्टमेंटमध्ये राहायला गेलो, तेव्हा आवट्यांच्या चाळीतली आमची जुनी खोली पाठराखीण म्हणून आमच्याबरोबर आली. यात विशेष काही नाही. नवरी सासरी जाते तेव्हा तिची मावशी नाहीतर आत्या चार दिवस सोबतीला जाते, तसं इचलकरंजीत घर बदललं की जुनं घर सोबत येतं. माझ्या नणंदेचं तर दोन मजल्यांसकट आलं होतं आणि जाताना रुसून गेलं. आमची आपली साधी खोली, वर पत्रा, एक दार, एक खिडकी. टेम्पोच्या मागून कडेकडेने चालत आली आणि वाटेत कुणाला धक्का लावला नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी उपाध्ये सर फाटकातच उभे होते.

"ही किती दिवस राहणार?" त्यांनी मला विचारलं.

"नवं घर अंगवळणी पडेपर्यंत. चार दिवस धरा."

"चारचाकी आहे का?"

"नाही. खोली आहे."

"मग चारचाकीच्या जागेत लावता येणार नाही. दुचाकीच्या रांगेत लावा. आणि आतला दिवा लावायचा नाही, पार्किंगचं मीटर सगळ्यांचं आहे."

"तिचं मीटर तिच्या अंगावरच आहे, सर."

सरांनी वाकून बघितलं. मीटर होतं. "मग लावला तरी चालेल," ते म्हणाले. खोली निमूटपणे स्कूटरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ती मुळातच गरीब स्वभावाची.

नव्या घरात आधी काय करायचं, यावर प्रत्येकाचं मत असतं आणि ते ठाम असतं. सर म्हणाले, आधी कुलूप बदला, बिल्डरच्या माणसांकडे किल्ल्या असतात. ह्यांनी बदललं. समोरच्या मुजावरभाभी म्हणाल्या, आधी मीठ आत जाऊ दे. मी मीठ ठेवलं. आईने फोनवरून दूध उतू घालायला लावलं आणि नणंदेने नवी केरसुणी आणायला लावली. वाद घालत बसण्यापेक्षा करून मोकळं व्हावं असा माझा स्वभाव आहे. संध्याकाळपर्यंत सगळं झालं आणि नवा ओटा दुधाने चिकट झाला.

पण फ्लॅट काही आमच्याशी जुळवून घेईना. पंख्याचं बटण दाबलं की बाथरूममधला दिवा लागायचा, आणि दुसऱ्यांदा दाबलं की तोही नाही. मोठ्या मुलीने खिळा ठोकला तर भिंतीने तो तिच्या हातात परत दिला. फ्लॅट वागायला वाईट नव्हता, पण बसस्टँडवर शेजारी बसलेल्या माणसासारखा परका होता. पाय जरा आवळून घेईल, पण नाव विचारणार नाही.

आम्ही चौघांनी निभावून नेलं असतं. हाल झाले ते मामंजींचे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म मागावर काढला, मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. पण खोलीत त्यांना काठी लागत नसे. सकाळचा पहिला चहा तेच करायचे. शेगडीजवळच्या कोनाड्यात काडेपेटी असायची, हात बरोबर तिथे जायचा, काडी ओढल्याचा आवाज यायचा आणि मग चहाचा वास. लग्न झाल्यापासून त्या खोलीत सकाळचा पहिला चहा मी कधी केला नाही, हे मी माहेरी अजून सांगितलेलं नाही.

फ्लॅटमध्ये पहिल्या सकाळी ते उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. हात लावला तिथे भिंत नव्हती आणि नव्हता लावला तिथे होती. कपाळाला टेंगूळ आलं. दुसऱ्या सकाळी ते उठलेच नाहीत. नंतर आम्ही बसवू त्या खुर्चीत बसायचे आणि पाणी प्यायचं असलं तरी कुणीतरी जवळून जाण्याची वाट बघायचे. धाकटीने विचारलं, "आजोबा आजारी आहेत का?" ते म्हणाले, "नाही गं, पाहुणा आहे."

शनिवारी सकाळी ते मला म्हणाले, "उज्ज्वला, मला जरा खाली पाठराखणीजवळ नेऊन सोड."

मी नेलं. खोलीने दार उघडलं, त्यांनी उंबऱ्यावर हात फिरवला आणि काठी माझ्या हातात देऊन सरळ आत गेले. स्कूटरच्या रांगेत उभ्या असलेल्या खोलीत मी त्यांच्या हातचा चहा प्याले. ह्यांचा फोन माझ्याकडेच राहिला होता, तो वाजला म्हणून मीच उचलला. चाळमालक बापू आवटी होते.

"वहिनी, खोली उद्या सकाळी जागेवर पाहिजे हं. नवं जोडपं येतंय सामान घेऊन. त्यांना मोकळ्या जागेत काय उभं करू?"

मी बरं म्हणून ठेवला. मामंजींना ऐकू गेलंच होतं.

"मी हिच्याबरोबर परत जातो," ते म्हणाले.

"तिथे नवं जोडपं येतंय, मामंजी. तुम्ही कुठे झोपणार?"

"मी कोपऱ्यात पडेन. त्यांना सकाळी चहा करून देईन. इथे मी कुणाच्या उपयोगाचा?"

मला रडू आलं आणि मी ते आवाजासकट येऊ दिलं. त्यांना दिसत नाही म्हणून गुपचूप डोळे पुसायचे, हे मला पटत नाही.

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "ही वर येऊन गेली का?"

"कोण?"

"पाठराखीण."

"नाही. सरांनी इथेच लावायला सांगितलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "पाठराखणीला गाड्यांमध्ये उभी केलीत? अगं, ती नवरीच्या शेजारी बसते. नवरी लाजते, भूक लागली तरी बोलत नाही. ते सगळं पाठराखीण सासूच्या कानावर घालते. हिला गोड फार लागतं, हिला अंधारात झोप येत नाही. आमचं त्या फ्लॅटला कोण सांगणार? तुमचं कुलूप?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलूप बदललं, मीठ ठेवलं, दूध सांडलं, आणि जिने आधी वर जायला हवं ती खाली उभी. तशीच उठले आणि सरांकडे गेले.

"लिफ्टमधून खोली नेता येणार नाही," सर म्हणाले. "नियमात बसत नाही."

"नियम काय आहे?"

"एका वेळी सहा माणसं."

"आम्ही पाचजण या खोलीत मावत होतो. सहावं आलं की एकाला दारात बसावं लागायचं. म्हणजे खोली पाच माणसांची झाली."

सरांनी खोलीकडे एकदा आणि लिफ्टकडे एकदा बघितलं. "पाच धरायची?"

"पाच."

"मग सहावा मी येतो. लिफ्टमध्ये एक जबाबदार माणूस पाहिजे."

खोलीने अंग चोरलं आणि सरांच्या शेजारी उभी राहिली. आम्ही जिन्याने गेलो. दारात मी तिच्या उंबऱ्यावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, गूळ ठेवला आणि म्हटलं, "चुकलं आमचं, या आत." ती आत जाऊन हॉलमध्ये टेकली. बाजूने सोफ्यापुरती जागा उरली.

दोघांचं बोलणं चाललेलं असताना मध्ये बसणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही सगळे मुजावरभाभींकडे जाऊन बसलो. सरही बसले. दुपारभर आवाज येत होते. पत्रा कुरकुरायचा, मग आमच्या फ्लॅटमधलं एखादं बटण खटकन वाजायचं. नळ सुटायचा आणि बंद व्हायचा. मामंजी कान देऊन ऐकत होते.

"आता काय सांगतेय?" सरांनी विचारलं.

"पोरींच्या परीक्षेचं. पहाटे दिवा लागतो, म्हणतेय." मग थोड्या वेळाने त्यांनी मान खाली घातली. "आता माझं सांगतेय." काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दिवेलागणीला आमचं दार आपोआप उघडलं.

रविवारी सकाळी खोली निघाली. मी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि खणाचा तुकडा तिच्या खिडकीत ठेवला. सर लिफ्टशी उभे होते. मामंजी हातात पिशवी घेऊन आले, आत त्यांचे दोन सदरे आणि टॉवेल.

"मामंजी, जायचं की राहायचं?" मी विचारलं.

"आधी चहा करून बघतो," ते म्हणाले. पिशवी त्यांनी काठीला अडकवली आणि काठी दाराला टेकवून ठेवली.

ते स्वयंपाकघराकडे निघाले. हे पुढे व्हायला लागले, मी ह्यांचा हात धरून ठेवला. मामंजी चालत होते आणि भिंत बरोबर जिथे हवी तिथे होती. ओट्याशी ते थांबले. शेगडीच्या बाजूला बिल्डरने पांढऱ्या गुळगुळीत फरशा बसवल्या आहेत, तिथे काहीच नव्हतं, मी रोज पुसत होते. मामंजींचा हात सवयीने तिकडे गेला आणि आत गेला. कोनाडा होता. आमचाच, आतून काजळी धरलेला, वरच्या कडेचा टवका उडालेला. आत काडेपेटी होती.

मामंजींनी काडेपेटी हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

उपाध्ये सर आत येऊन बघून गेले. "हा कोनाडा नकाशात नाही," ते म्हणाले.

"आहेर आहे, सर. पाठराखणीने केलाय."

सरांनी विचार केला. "आहेर असेल तर परत करता येत नाही," ते म्हणाले आणि लिफ्टचं बटण दाबायला गेले.

खोली उतरायच्या आधी मामंजींनी दारात येऊन तिच्या चौकटीवर हात ठेवला. "नव्या पोरांना सांभाळ," ते तिला म्हणाले. "त्यांच्या सवयी आधी बघून घे." मग त्यांनी सहा कप चहा गाळला, कारण सर परत वर येणार होते.

संध्याकाळी बापू आवटींचा फोन आला. खोली पोचली होती, जोडपं खूश होतं. "फक्त भिंतीतला कोनाडा दिसत नाही," ते म्हणाले.

"तो इकडे राहिला."

"असू दे. ही पोरं लायटर वापरतात."

सोमवारी सकाळी मला जाग आली ती काडी ओढल्याच्या आवाजाने. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि परत झोपले.