लाडवांच्या डब्यावरचा तिसरा ठसा

उकंडराव पोलीस खात्यात बोटांचे ठसे काढायचे, आणि अख्ख्या आखाडा बाळापुरात त्यांचा एकच दावा असे: माणूस एकदा बोट लावून गेला, की माझ्या हातून सुटत नाही!

त्यांची बायको निर्मलाबाई जाऊन तीन महिने झाले होते. दोन हजार चार सालची दिवाळी तोंडावर आली, म्हणून लेक ज्योती कनेरगाव नाक्याहून घर आवरायला आली. तिनं मांडणीवरून लाडवांचा स्टीलचा डबा उतरवला आणि घासायला घेतला, तोच उकंडराव आग लागल्यासारखे धावले. यावर निर्मलेचं बोट असणार!

काळी पावडर, ब्रश, हलकीशी फुंकर. तीन ठसे स्वच्छ उमटले. उकंडराव हरखले, आणि लगेच डोक्याला हात लावून बसले. ताडून बघायला बायकोचा नमुनाच नव्हता. जिल्ह्यातल्या चोरांची बोटं त्यांनी जपून ठेवली होती. एकदा शाईची नवी बाटली बघून निर्मलाबाईंनी हात पुढे केला होता, "माझे बी घ्या की." तेव्हा हे म्हणाले होते, "तू काय चोर हायेस? शाई सरकारी हाय."

मग त्यांनी खात्याची रीत घरात लावली. ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्यांचे ठसे वजा करायचे. उरेल तो तिचा. पहिला ज्योतीचा निघाला. दुसऱ्यासाठी शेजारच्या देवलाबाईंना बोलावलं, कारण दुखवट्याच्या दिवसांत स्वयंपाकघर त्यांनीच सांभाळलं होतं. खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून साहेब सरकारी काम म्हणाले. देवलाबाई काळी बोटं घेऊन नळावर पोचेपर्यंत गल्लीभर झालं, की साहेबांकडं चोरी झाली आणि संशय देवलावर!

दुपारी तिचा नवरा वसराम दारात उभा. "साहेब, माझ्या बायकोनं बारा दिवस तुमच्या चुलीपाशी काढले. तुमचं गेलं तरी काय, ते सांगा."

उकंडरावांनी भिंतीवरच्या निर्मलाबाईंच्या फोटोकडं बघितलं. वसरामनं फोटो बघितला, पावडर फासलेला डबा बघितला, आणि चपला काढून आत येऊन बसला.

"मग माझे बी घ्या," तो म्हणाला. "म्या बी दोन लाडू खाल्ले हायेत त्यातले."

घेतले. जुळले नाहीत. दुसरा ठसा देवलाबाईंचाच होता. उरला तिसरा. तो उकंडरावांनी चिकटपट्टीवर उचलला, पांढऱ्या कागदावर लावला, फोटोखाली डकवला आणि वर फूल खोचलं.

ज्योती बघत होती. "आबा, तुमचे ताडले का?"

"मी कशाला हात लावतो? साखर वाढली म्हणून तुझ्या आईनं मला लाडू बंद..." म्हणता म्हणता ते थांबले. मग गुपचूप अंगठ्याला शाई लावली. भिंगाचीही गरज पडली नाही. दाढीच्या पात्याचा जुना वण दोन्हीकडं सारखाच आडवा पडला होता.

"आईला ठावं होतं," ज्योती म्हणाली. "रोज पदरानं डबा पुसून ठेवायची. म्हणायची, तुझे आबा जगाचे ठसे काढून राहिले अन् सवताचे तसेच सोडून जातात."

उकंडराव फोटोखालचा कागद काढायला उठले, आणि पुन्हा खाली बसले. हा ठसा ती दवाखान्यात गेली त्या दिवसाचा असणार. पुसायला ती परत आली नव्हती.